टाकीचा घाम

सकाळी उठून कुसुमावतीबाई देवघरात जायच्या आधी माशांच्या टाकीकडे जातात, असं कुणी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्यांनी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण जात होत्या हे खरं. पदराने चष्मा पुसायचा, हॉलमधला दिवा लावायचा आणि वाकून बघायचं, आज किती घाम आलाय.

घाम टाकीचा. पौषातलं धारवाड, सप्तापुरातलं उघड्यावरचं घर, फरशीवर पाय टेकवत नाही अशी थंडी, आणि सूनबाईंनी टाकीच्या पाण्यात हीटर सोडलेला. खाली कोमट, वर गार. मग इडलीच्या भांड्यात होतं तेच इथे. झाकणाच्या काचेला आतून टपोरे थेंब धरायचे, पुढच्या काचेचा वरचा वीतभर पट्टा दुधासारखा पांढरा व्हायचा, आणि झाकणावरच्या कडेने पाणी सरकत सरकत दिव्याच्या खोबणीत जाऊन बसायचं.

"पाण्यात राहून परत घाम कसला रे येतो तुम्हाला? मामलेदार झालात का?" बाई माशांना विचारायच्या. चार मासे होते, केशरी, बोटभर लांबीचे. त्यांतला एक बाकीच्यांच्या मागे लागायचा, कोपऱ्यात दाबायचा, त्याचं नाव बाईंनी मामलेदार ठेवलेलं.

तोंडाने थट्टा, पण हाताने काच पुसणं चालू. कारण थोड्या वेळाने गुरुराजअप्पा उठणार. टाकीसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसणार. काचेतून मासे नीट दिसले तर बसून राहणार, आणि नाही दिसले तर उठणार. उठले की फाटक.

गुरुराजअप्पा म्हणजे बाईंचे यजमान. सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात काढलेला माणूस. कुठल्या गल्लीखालून कुठली लाइन जाते, कुठला व्हॉल्व्ह अर्धा उघडला की कुणाच्या नळाला पाणी चढतं, हे त्यांच्या तळहातावर लिहिल्यासारखं. आता नातवंडांची नावं विसरली, जेवलो की नाही ते विसरलं, पण व्हॉल्व्ह विसरले नाहीत. उजाडलं की हाताची बोटं वळवळायला लागायची. "उशीर झाला. व्हॉल्व्ह उघडायचाय. लोक घागरी घेऊन उभे असतील." आणि चालले.

दिवाळीच्या आधी असेच चालले ते बसमध्ये बसून थेट हुबळीला. दुर्गदबैलच्या बाजारात, त्या कापडाच्या आणि धान्याच्या गर्दीत, हातगाडीवाल्यांना अडवून अडवून कानडीत विचारत होते, "नीर बिट्रेन? नीर बिट्रेन?" पाणी सोडलं का, पाणी सोडलं का. एका दुकानदाराने त्यांना गादीवर बसवलं, चहा पाजला, खिशातली चिठ्ठी बघून फोन केला. त्या दिवशी दुपारभर कुसुमावतीबाई ज्या पायरीवर बसल्या होत्या, त्या पायरीकडे त्या अजून बघत नाहीत.

टाकी आणली ती सून नेत्राने. ती शाळेत विज्ञान शिकवते, बोलते कमी, करते जास्त, आणि हेच सासूला सोसत नाही. भांडायला माणूस समोर उभा तर राहिला पाहिजे!

"मासे? माझ्या घरात?" बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "चुलीपासून दोन हातांवर? आता एक बोकडही आण. तुळशीला बांधू."

"शिजवायचे नाहीत, आई. बघायचेत."

"बघायला तुझं तोंड काय कमी आहे?"

पण अप्पा बसले. पहिल्याच दिवशी बसले. पाणी आहे, पंपाचे बुडबुडे आहेत, काहीतरी चालू आहे एवढं त्यांना कळत होतं. बोटांची वळवळ थांबली. त्यानंतर बाईंनी बोकडाचा विषय काढला नाही.

आणि गुरुवारी सकाळी फट्‌ असा आवाज झाला, टाकीवरचा दिवा गेला आणि घरातली सगळी वीज त्याच्याबरोबर गेली.

सुधींद्र, बाईंचा मुलगा, कोर्टात जायच्या गडबडीत अर्धी दाढी झालेला बाहेर आला. दिव्याची पट्टी उचलली तर आतून पाण्याची धार. वकील माणूस, घरातही साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर उभा असल्यासारखा बोलतो.

"आई, आता पुरे. ही टाकी जाणार. रायापूरला प्रभंजन म्हणून माझा अशील आहे, त्याच्या पोरांना हवीच आहे."

"अशिलाच्या पोरांना आहेर करायला टाकी तुझ्या बापाची आहे का?"

"त्यांचीच आहे," नेत्रा स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाईंनी तिकडे एक नजर टाकली. सून आपल्या बाजूने बोलली की विरुद्ध, हे त्यांना चटकन ठरवता आलं नाही.

"अप्पांनी ओल्या हाताने दिव्याला हात लावला असता म्हणजे?" सुधींद्र म्हणाला. "आणि टाकी गेली की फाटकाला कुलूप. मी आणूनच ठेवलंय."

होतं आणलेलं. दुर्गदबैलातूनच आणलेलं, पितळी, भलं दांडगं. टीव्हीच्या शेजारी ठेवलं होतं. बाईंना वाटलं होतं गोदामाचं असेल, कुणा अशिलाचं.

"तुझे वडील काय चोर आहेत?" बाईंचा आवाज चढला. "अख्ख्या गावाला पाणी सोडलं त्यांनी. तू अंघोळ करून शाळेत जायचास ते त्यांच्या हातच्या पाण्याने. त्यांना कोंडतोस?"

"मग तू बसणार का दिवसभर फाटकावर?"

"बसेन. बसायला तुझी परवानगी काढू का कोर्टातून?"

"गुडघे दुखतात म्हणून तू काल तुळशीपर्यंत गेली नाहीस, आई."

बाईंनी पदर खोचला, सोडला, परत खोचला. खुर्चीत अप्पा टाकीच्या अंधाऱ्या काचेकडे बघत होते आणि त्यांचा अंगठा तर्जनीवर घासत होता, घासत होता.

"रविवारपर्यंत थांब," बाई शेवटी म्हणाल्या. "वरचं पाणी दिव्याला लागलं नाही तर टाकी राहील. टाकी राहिली तर ते बसतील. ते बसले तर ते कुलूप तू स्वतःच्या तोंडाला लाव."

सुधींद्र हसला नाही, पण मान हलवली. दिवा दुरुस्त करून त्याने परत झाकणावर ठेवला आणि जाताना बजावलं, "रविवार म्हणजे रविवार."

मग बाईंच्या जिवाला स्वस्थता कसली? पोळी लाटताना एक पाय हॉलमध्ये. जप करताना माळेचा मणी एका बोटात आणि डोळा झाकणावर. दर घटकेला जाऊन काच उचलायची, पुसायची, ठेवायची. पुसून पाठ वळते न वळते तोच परत धुकं. त्यांनी काच काढूनच ठेवली, तर नेत्रा शाळेतून आल्या आल्या धावली.

"आई, उघडी नका ठेवू! हे मासे उडी मारतात. आणि ते वर येऊन हवा घेतात हो, आपल्यासारखी. वरची हवा गार लागली की आजारी पडतात."

"माशाला पडसं होतं? ऐकावं ते नवल."

"होतं."

"मग काढा दे त्याला. आलं-गवती चहाचा."

पण काच त्यांनी परत ठेवली. शुक्रवारी जेवण होईना. इकडून तिकडे, तिकडून इकडे, अप्पांपेक्षा यांच्याच पायाला भिंगरी. अप्पा खुर्चीतून म्हणाले, "बसा की जरा. कुणाची वाट बघताय?" आणि बाईंना हसावं की रडावं कळेना.

शुक्रवारी दुपारी डोक्यात उजेड पडला. इडल्यांना पाणी सुटू नये म्हणून आपण काय करतो? झाकणाला आतून फडकं बांधतो. वाफ फडक्यात जिरते, थेंब इडलीवर पडत नाही. लग्नापासून बांधत आलो. मग टाकीला फडकं का नाही? जन्मभर वाफेशी झुंजलेल्या बाईला ही गोष्ट सुचायला दोन दिवस लागले, याचीच त्यांना लाज वाटली.

"नेत्रा, टाकीच्या तोंडावर फडकं ताणून वर काच ठेवली तर?"

नेत्राने विचार केला. "चालेल वाटतं. पण साबणाचं फडकं नको हं, आई. साबणाचा अंश जरी गेला ना, मासे मरतात."

"मला शिकवू नकोस. माझ्या देवघरातल्या फडक्याला साबण माहीतच नाही."

सुती फडक्याचे धागे सुटतात, म्हणून बाईंनी विचार केला रेशमाचा. अप्पांचा पूजेला नेसायचा जुना मुकटा ट्रंकेत होता, रेशमी, विरलेला, गव्हाळ रंगाचा. ज्याने इतकी वर्षं देवाचं सांडलेलं पाणी झेललं, तो या मामलेदाराला का चालू नये? मुकटा त्यांनी रिठ्याच्या पाण्यात भिजवला, चोळला. रेशमाला रिठाच, ही त्यांच्या आईची रीत. साबण नाही, सोडा नाही, झाडाचं फळ. याहून शुद्ध काय? खळबळायला मात्र पाणी मोजकंच घेतलं. नळाला पाणी येऊन आठवडा होत आला होता, पिंपं राखायची होती. एक पाणी काढलं, पिळला, सावलीत वाळवला.

शनिवारी सकाळी मुकट्याचा तुकडा टाकीच्या तोंडावर ताणला, कडा बाहेर सोडल्या, वर काच, काचेवर दिवा. आणि काय सांगावं! काच कोरडी. दिवा कोरडा. रेशमातून उजेड असा गाळून खाली उतरला की पाण्यात जणू कोवळं ऊन पडलंय. अप्पा खुर्चीत बसले ते पुढे झुकून, तोंड अर्धं उघडं.

"किती स्वच्छ आलंय पाणी," ते म्हणाले.

बाईंनी टीव्हीशेजारच्या कुलपाकडे असं पाहिलं की ते वितळायलाच हवं होतं.

सुधींद्र कोर्टात गेला, नेत्रा शाळेत. कुसुमावतीबाईंनी शेजारच्या सुशीलाबाईंना कुंपणावरून हाक मारली. "सुशीला, ये ग, टाकी बघून जा. शिकलेल्या माणसांनी हात टेकले, ती मी इडलीच्या फडक्याने सरळ केली."

सुशीला आली, हात कमरेवर ठेवून उभी राहिली. "अय्या, वैनी, वर पांढरं पांढरं काय ते? फेस आहे की."

बाईंनी वाकून पाहिलं. होता खरा. पाण्यावर एका कोपऱ्यात बारीक बुडबुड्यांचा पुंजका. त्यांची छाती फुगली. "घर बांधतोय. हे मासे फेसाचं घर बांधतात पिल्लांसाठी, नेत्रा सांगत होती. चार दिवस घाम पुसून मरत होते मी, आज वर कोरडं झालं म्हणून संसार मांडला मेल्याने."

"तुमच्या हाताला यश आहे बाई."

"ते आहेच," बाई म्हणाल्या.

सुशीला गेली. बाईंनी भाजी चिरायला घेतली. चिरता चिरता परत उठल्या. आता काळजी नव्हती, आता कौतुक होतं, पण पाय ते पायच, त्यांना उठायची सवय लागलेली. फेस कोपऱ्यातून मधोमध आला होता. परत जाऊन बसल्या. परत उठल्या. फेस आता सगळ्या पाण्यावर. एवढं मोठं घर? मामलेदाराचं का असेना, वाडा बांधतो की काय? खाली पंपाचे बुडबुडे वर येत होते आणि फुटत नव्हते. एकावर एक चढत होते.

मुकटा भिजून जड झाला होता. मधोमध त्याला पोट आलं होतं, आणि त्या पोटातून थेंब, थेंब, थेंब, पाण्यात.

मामलेदार वरती तोंड लावून होता. तोंड उघडतोय, मिटतोय. धाकटा मासा एका कुशीवर कलला होता.

बाईंनी काच उचलली आणि वास आला. ओळखीचा, न्हाणीघरातला, आईच्या ओल्या केसांचा. रिठा.

अळणावर गावाच्या पलीकडे त्यांचं माहेर. लहानपणी ओढ्याच्या डोहावर गावातल्या बायका गेळाची फळं ठेचून टाकत. पाण्यावर असाच फेस चढायचा, पांढरा, दाट. आणि थोड्या वेळाने मासे पोट वर करून तरंगत यायचे, हाताने टोपलीत भरायचे. काठावर परकर खोचून कुसुमा बघत उभी असायची. गेळाला फेस येतो, रिठ्याला फेस येतो. साबण म्हणजे तरी काय, फेसच की!

करायला गेले गणपती, झाला मारुती.

"नेत्रा!" त्यांनी हाक मारली, घरात नाही हे माहीत असून. "नेत्रा, अग!"

फाटक वाजलं. शनिवारची अर्धी शाळा; नेत्रा स्कूटर आत घेत होती. ती दारात आली तेव्हा सासूच्या एका हातात ओला मुकटा होता, आणि चेहरा असा, की तिने पर्स तिथेच खाली टाकली.

"रिठा लावला होता मी," बाई म्हणाल्या. एवढंच. पुढे नेहमीसारखं काही जोडलं नाही, कुणाला बोल लावला नाही.

"पाणी बदलायचं. लगेच. मासे आधी बाहेर."

बाई देवघराकडे धावल्या, सोवळ्याच्या पाण्याची तांब्याची घागर उचलून आणली. "हे घे, शुद्ध आहे."

"तांब्याचं नको, आई! तांबंही बाधतं त्यांना. मागच्या पिंपातलं आणा, शिळं पाणी."

आज काही शुद्ध कामाचं नव्हतं. पाणी मागच्या पिंपातलं, शिळं, आणि भांडं पोहे भिजवायचं स्टीलचं पातेलं. नेत्रा त्यात कोमट पाणी मिसळून हाताने अंदाज घेऊ लागली. मासे काढायची जाळी सापडेना. कुसुमावतीबाईंनी काकणं मागे सारली आणि उभ्या जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. हात कोपरापर्यंत टाकीत घातला. मासा तळव्यात आला, गुळगुळीत, धडधडत. एवढासा जीव, पण केवढी ती धडपड. "थांब रे बाबा, थांब, मारत नाही," त्या म्हणत होत्या. एक पातेल्यात गेला. दुसरा गेला, तिसरा गेला. मामलेदार ओंजळीत आला तेव्हा त्यांची नजर सहज खुर्चीकडे गेली.

खुर्ची रिकामी.

नेत्रा घाईत आली होती. फाटक सताड उघडं होतं.

ओंजळीत मासा, समोर उघडं फाटक. बाईंनी मामलेदाराला पातेल्यात सोडलं की टाकलं, त्यांनाच कळलं नाही, आणि त्या ओल्या हातांनी, अनवाणी, गुडघे असल्याचं विसरून रस्त्यावर आल्या. इकडे कोणी नाही. तिकडे एक रिक्षा वळत होती. "सुशीला! आमचे हे दिसले का ग?" सुशीला खिडकीतून म्हणाली, "इकडे नाही आले, वैनी." बाईंना दुर्गदबैल दिसायला लागलं, हातगाड्या, ती गर्दी, तो प्रश्न. पितळी कुलूप दिसायला लागलं. लावलं असतं तर. मीच अडवलं. मीच.

"आई!" नेत्रा आतून ओरडली. "आई, इकडे या, हे बघा!"

अप्पा परसातून आत येत होते. तुळशीला पाणी घालायची हिरवी नळी त्यांनी गुंडाळून खांद्यावर टाकली होती, आणि चालण्यात काहीतरी वेगळं होतं. घाई होती, पण भरकटलेली नव्हती. ते टाकीपाशी आले, फेस पाहिला, बोट बुडवून हुंगलं.

"ड्यूटीवर कोण आहे इथे?" त्यांनी विचारलं.

बाई तोवर रस्त्यावरून परत दारात पोचल्या होत्या.

"मी आहे," कुसुमावतीबाई म्हणाल्या. श्वास लागला होता.

"पाणी खराब आलंय. लाइन धुऊन काढावी लागेल. उतार कुठे आहे? बादली खाली ठेवा, खाली. वर कशाला धरताय?"

त्यांनी नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडाला लावून ओढलं, पचकन थुंकले आणि टोक बादलीत टाकलं. पाणी धो धो यायला लागलं. फेस खाली उतरला. बादली भरली की ते अंगठ्याने नळी दाबत, नेत्रा बादली बदले, ते अंगठा सोडत. तोच अंगठा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तर्जनीवर घासणारा. आता त्याला काम होतं.

टाकी धुतली, पुसली, पिंपातलं पाणी भरलं. पुन्हा नळ येईपर्यंत घरात अंघोळी तांब्याभर पाण्यात होणार होत्या. धाकटा मासा पातेल्यातच मेला. नेत्राने त्याला प्राजक्ताखाली पुरलं, आणि बाईंनी वरून मूठभर माती टाकली, बाजूला बघत. बाकी तिघे परत पाण्यात सोडले तेव्हा जरा वेळ तळाशी पडून राहिले, मग मामलेदार हलला, वर आला, एक घोट हवा घेतली आणि पहिलं काम काय केलं तर दुसऱ्याच्या मागे लागला.

"वाचला," नेत्रा म्हणाली.

"मामलेदाराला काय होतंय?" बाई म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "तू म्हणाली होतीस ग साबण नको म्हणून."

"रिठ्याचं मलाही सुचलं नसतं, आई."

"माझी समजूत काढू नकोस. चहा टाक."

संध्याकाळी सुधींद्र आला. त्याला सगळं कळलं. मासा गेल्याचं, रिठ्याचं, उघड्या फाटकाचं. त्याने कुलूप उचललं. पण बाप टाकीसमोर उभा होता, खांद्यावर नळी अजून तशीच, आणि मुलाला म्हणाला, "काम झालंय. लाइन चालू केली." कितीतरी महिन्यांत अप्पांनी मुलाला एक वाक्य धड शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. सुधींद्रने कुलूप परत ठेवलं.

रविवारी सकाळी तो स्वतः वायरमनला घेऊन आला. दिवा झाकणावरून काढून भिंतीवर हातभर उंच बसवला, म्हणजे थेंबांचा आणि विजेचा संबंधच तुटला. मग काचेच्या एका कडेखाली नेत्राने बाटलीची दोन बुचं ठेवली. काच तिरकी झाली. थेंब धरला की उताराने घसरायचा, मागच्या कोपऱ्यातून पाण्यात. पुढची काच स्वच्छ. भाताच्या पातेल्यावर ताट कलतं ठेवतात तेवढंच काम, ना फडकं, ना मुकटा.

"झालं," सुधींद्र म्हणाला. "आता पुसायला नको, काही नको."

झालं खरं. अप्पा खुर्चीत बसले. मासे दिसत होते, काच लख्ख होती. थोडा वेळ बरा गेला. मग अंगठा तर्जनीवर घासायला लागला. मग मान फाटकाकडे वळली. मग ते उठले.

"उशीर झाला," ते म्हणाले. "लोक घागरी घेऊन उभे असतील."

सुधींद्रने वर्तमानपत्र खाली केलं. नेत्रा दारात थांबली. टीव्हीशेजारी कुलूप होतं.

कुसुमावतीबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, टाकीपर्यंत गेल्या. पोराकडे पाठ करून दोन्ही बुचं काढली, काच सपाट बसवली, वरून दाबली. मग उगाच हीटरची वायर बघितल्यासारखं करत तिथेच उभ्या राहिल्या. अप्पांनी चप्पल पायात घातली. एक. दुसरी सापडेना. बाईंनीच ती पहाटे सोफ्याखाली सारली होती. ते शोधत राहिले आणि तोवर काचेवर आधी फुंकर मारल्यासारखं धुकं आलं, मग बारीक दाणे, मग एक थेंब दुसऱ्याला मिळाला.

"अहो," बाई म्हणाल्या. "इकडे बघा की. लाइन परत तुंबली."

अप्पा वळले. जवळ आले. वाकून बघितलं.

"कोण आहे ड्यूटीवर?"

"तुम्हीच आहात. दुसरं कोण करणार?"

बाईंनी त्यांच्या हातात साधं सुती फडकं दिलं, सकाळीच नुसत्या पाण्यात उकळून काढलेलं. अप्पांनी काच उचलली, दोन्ही हातांनी, जड झाकण उचलावं तशी. आतली वाफ त्यांच्या चष्म्यावर आली. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काच पुसली, फडकं बादलीत पिळलं, परत पुसली. फाटकाकडे बघितलंही नाही.

"आई," सुधींद्र हळूच म्हणाला, "बुचं काढलीस तू. तिरकी ठेवायची ठरली होती ना? अशाने दर तासाला घाम धरणार."

"धरू दे."

"आणि ते दर तासाला पुसणार?"

"माझ्या नवऱ्याची नोकरी घालवायला निघालास होय रे?" बाई म्हणाल्या, आणि दोन्ही बुचं कनवटीला लावून वरून पदर खोचला. "ते कुलूप तुझ्या कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाला लाव. तिथं चोरण्यासारखं काही नाही, पण शोभेल."

अप्पांनी काच ठेवली, हात पुसले आणि खुर्चीत बसले. आत मामलेदार वर आला, हवेचा घोट घेतला, खाली गेला. बाई शेजारी पाटावर टेकल्या. काच कोरडी होती. त्यांनी एकदा काचेकडे पाहिलं, एकदा अप्पांच्या अंगठ्याकडे, आणि पुढचं धुकं कधी धरतंय याची वाट बघत बसल्या.